दादाला मुंबईत घेऊन येऊ का? शेतकरी भावाच्या ताणाविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही विक्रोळीत राहता, नोकरी करता. थोरला भाऊ धाराशिव जिल्ह्यात गावी पाच एकर आणि एक विहीर सांभाळतो. गेल्या पावसात सोयाबीन पाण्यात गेलं, ओढ्याकाठची जमीन खरडून गेली. तेव्हापासून तो बोलत नाही, रात्री जागा असतो, तुमचा फोन आला की वहिनींकडे देतो आणि अलीकडे संध्याकाळी घेऊ लागलाय. "महिना-दोन महिने मुंबईत आणलं तर बरं होईल का?" असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर: बहुतेक वेळा नाही, काही ठरावीक वेळा नक्की हो. पण त्याच्याही आधी एक गोष्ट वेगळी करून घ्या. दादा जिवाच्या धोक्यात आहे, आजारी आहे की अडचणीत आहे? तिन्ही एकत्र असू शकतं, पण तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. घरचे लोक सहसा तिसऱ्यापासून सुरुवात करतात, म्हणजे पैसे पाठवतात, आणि पहिलं विचारायचं राहून जातं. आपण पहिल्यापासून घेऊ.

धोका आहे का, हे थेट विचारल्याशिवाय कळत नाही. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो, ही भीती खरी नाही. उलट कुणीतरी विचारलं याने माणूस सैल होतो. वहिनींनी विचारावं किंवा तुम्ही प्रत्यक्ष गेल्यावर विचारावं, शेतात नाहीतर बांधावर, दोघंच असताना. "दादा, जगणं नकोसं वाटतं असं मनात येतं का?" उत्तर हो असेल तर पुढे, "म्हणजे जिवाचं काही बरंवाईट करावं असं?" आणि मग, "काही ठरवलंयस का?" उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका. "असला विचार करायचा नाही, पोरांकडे बघ" हे वाक्य तोंडावर आलं तरी गिळा. पोरांकडे बघूनच तो इतके दिवस तग धरून आहे.

न विचारताही काही गोष्टी दिसतात. बैल किंवा म्हैस अचानक विकायला काढणं, लहानसहान उसनवारी घाईघाईने मिटवणं, "माझ्यामागे पोरांना सांभाळ" असं सहज बोलून जाणं. आठवडेच्या आठवडे तगमग होती आणि एका दिवसात माणूस एकदम शांत झाला, तर ते नेहमीच बरं लक्षण नसतं. असं काही दिसलं किंवा "ठरवलंय" असं उत्तर आलं, तर त्याला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही. जिल्हा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यायचं, गाडी नसेल तर १०८. त्याच वेळी तुम्ही मुंबईतून १४४१६ ला फोन लावू शकता. ही टेलिमानसची, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीत. पोलीस केस होईल म्हणून काही घरं दवाखान्यात खोटं सांगतात आणि उपचाराला उशीर करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की जीव द्यायचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, तिला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं कलम ३०९ सुद्धा राहिलेलं नाही. डॉक्टरला खरं सांगा.

उत्तर "नाही" आलं तरी एक काम याच आठवड्यात करा: फवारणीची औषधं घरातून बाहेर काढा. नुसतं कुलूप लावू नका, घरातूनच हलवा. श्रीलंकेत गावोगावी कुलपाच्या पेट्या वाटून मोठा अभ्यास झाला होता. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तर पेट्यांनी विष घेण्याच्या प्रकारांत घट झाल्याचं दिसलं नाही. त्याच देशात सगळ्यात विषारी औषधांवर बंदी आल्यावर मात्र मृत्यू खूप कमी झाले. कारण साधं आहे: कुलपाची किल्ली त्याच्याच करगोट्याला असते. तो विचार बहुधा लाटेसारखा येतो आणि ओसरतो, त्या वेळात हाताशी काही नसलं की माणूस वाचतो. म्हणून उरलेले डबे चुलत्याकडे किंवा विश्वासातल्या शेजाऱ्याकडे ठेवा, पुढच्या फवारणीला लागेल तेवढंच त्याच दिवशी आणा. दादाला हे चोरून करू नका. "काही दिवस घरात नको" एवढं सांगितलं तरी पुरतं.

आता दुसरं, आजार. पीक गेल्यावर माणूस उदास होणारच, त्याला आजार म्हणायचं कारण नाही. फरक कसा करायचा? दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ असं चाललंय का ते बघा. झोप पहाटे तीन-चारला मोडून परत लागत नाही, जेवणावरची वासना गेली, अंघोळ-दाढी टळते, साधा निर्णय होत नाही, "माझ्यामुळेच झालं" हे पालुपद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी ज्यात जीव रमायचा त्यातही रमत नाही. अडचणीतला शेतकरी वासराच्या अंगावरून हात फिरवताना तरी थोडा खुलतो. आजारी माणूस वासराकडे बघतही नाही. वहिनींना नेमकं हे विचारा: तो गोठ्यात जातो का, गेला तर काय करतो? "दादा कसा आहे?" विचारलं तर "बराय" एवढंच उत्तर येणार.

आजाराकडे झुकतं माप वाटलं तर डॉक्टर लागेल, आणि तो मुंबईचाच हवा असं नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ आणि औषधं मिळतात. आधी फोन करून बाह्यरुग्ण विभागाचा वार विचारून घ्या, नाहीतर एसटीचं भाडं आणि दिवस दोन्ही वाया जातात आणि दुसऱ्यांदा तो निघत नाही. गावात "वेड्याचा डॉक्टर" म्हणतात म्हणून अडत असेल तर झोपेपासून सुरुवात करा. "झोप नाही, भूक नाही, त्याचं औषध आणू" हे खोटंही नाही आणि त्याला पटतंही. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२ या तपासण्या करून घ्या. थायरॉइड बिघडलं किंवा रक्त कमी असलं तरी थकवा आणि मरगळ अशीच दिसते.

गोळ्या सुरू झाल्या की गडबड कुठे होते ते आधीच सांगून ठेवतो. उदासीच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ किंवा अस्वस्थता मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवू शकते. म्हणजे सुरुवातीला नुसता त्रासच दिसतो, आणि दहाव्या दिवशी "याने काही होत नाही" म्हणत पाकीट फडताळात जातं. पहिले पंधरा दिवस कुणीतरी रोज गोळी हातात द्यावी आणि तगमग फारच वाढली तर डॉक्टरला लगेच कळवावं. दुसरी गडबड बरं वाटल्यावर होते. बरं वाटलं म्हणून बंद करायचं नसतं; साधारणपणे बरं झाल्यावरही सहा ते नऊ महिने चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. तिसरी गडबड मेडिकलवाल्याने दिलेल्या झोपेच्या गोळीची. त्या गोळीची सवय लागते, आणि दारूबरोबर ती धोक्याची आहे.

दारूचं सांगितलंत म्हणून एवढंच. अधूनमधून घेत असेल तर थांबवायला सांगणं ठीक. पण बरेच दिवस रोज, भरपूर घेत असेल आणि सकाळी हात थरथरत असतील, तर "देवाची शपथ घे आणि आजपासून बंद" हे करू नका. अचानक बंद केल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. हे डॉक्टरच्या देखरेखीखाली करायचं काम आहे.

तिसरं, अडचण. इथे तुम्ही मुंबईत बसूनही बरंच करू शकता. फोनपासून सुरू करू. लोकलमधून फोन करू नका. "पुढील स्टेशन घाटकोपर" ऐकू येत असताना कुणी मन मोकळं करत नाही. रात्री साडेनऊला घरी पोचल्यावर करता ती वेळही बहुधा चुकीची आहे. आधी विचारा, "या आठवड्यात लाईट दिवसाची की रात्रीची?" म्हणजे शेतीपंपाची वीज. रात्रीची पाळी असेल तर तो त्या वेळी मोटर चालू करायला निघालेला असतो किंवा दोन तास पडून घ्यायच्या बेतात असतो. वेळ त्याने सांगावी, वार ठरलेले असावेत, फोन दहा मिनिटांचा असावा. पहिला प्रश्न पैशाचा नको, विम्याचा नको. "विहिरीला पाणी किती आहे?" "हरभरा किती पेरलास?" असं विचारा, म्हणजे जे त्याला येतं त्यावर तो बोलेल. "टेन्शन घेऊ नको, होईल सगळं ठीक" हे वाक्य काढूनच टाका. ते ऐकलं की समोरचा "हां, हां" म्हणतो आणि फोन वहिनींकडे देतो.

आता जरा अवघड बोलतो. जमीन अजून एकत्र आहे का? सातबाऱ्यावर तुमचंही नाव आहे का? असेल तर दादाच्या ताणात तुम्हीही एक कारण असू शकता, आणि तो ते कधीच बोलून दाखवणार नाही. मुंबईचा भाऊ वाटणी मागेल, घर घ्यायला आपला हिस्सा विकायला काढेल, ही धास्ती खूप घरांत असते. त्यात पीककर्जाला सहहिस्सेदाराची संमती लागते, तेव्हा थोरल्याला धाकट्याकडे सही मागावी लागते. खरडून गेलेल्या जमिनीच्या भरपाईतही "याचे अर्धे त्याला द्यायचे का" हा प्रश्न असतो. तुम्ही पाच हजार पाठवता, ते त्याला मदत वाटतात की हिस्सा मागण्याआधीची पेरणी वाटते, हे तुम्हाला माहीत नाही. म्हणून स्पष्ट बोला. "पुढची तीन वर्षं वाटणीचा विषय मी काढणार नाही. नुकसानीचे पैसे तुझे. संमतीपत्र लागेल तेव्हा सांग, मी येतो." आईसमोर बोला म्हणजे साक्ष राहील. अर्थात, शब्द पाळणार असाल तरच. आणि तुमची स्वतःची घराची गरज खरोखरच जवळ आली असेल तर ती लपवूनही ठेवू नका. धाकट्याने नंतर दिलेला धक्का जास्त लागतो.

पैसे पाठवण्यापेक्षा कर्जाचा कागद करा. एकच पान: कुणाचं, मुद्दल किती, व्याज कसं, कधी द्यायचं, तारण काय. दादाला एकट्याला करायला लावू नका; दिवाळीत किंवा सुट्टीला गेल्यावर शेजारी बसून करा आणि वहिनींना बसवा. बायकांच्या गटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं आठवड्याचं हप्त्याचं कर्ज बऱ्याचदा त्यांच्या नावावर असतं आणि पुरुषांच्या हिशेबात येतच नाही. पान तयार झालं की रक्कम बहुधा मनातल्यापेक्षा कमी निघते. नाही निघाली तरी तिला निदान शेवट आहे हे दिसतं.

फेडायचा क्रम आरडाओरड्यावर ठरवू नका, व्याजावर ठरवा. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून शून्य टक्क्याने पडतं. गावातल्या हातउसन्याचं व्याज शेकडा पाच असेल तर पन्नास हजारांवर महिन्याला अडीच हजार, वर्षाला तीस हजार. तुमचे पैसे आधी तिथे जायला हवेत, आणि शक्यतो पावतीसह. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि बिनतारणी कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. बेकायदा सावकारीत जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या कायद्याखाली तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, म्हणजे सहकारी संस्थांच्या कार्यालयात, तक्रार करता येते. बँकेचं थकलं असेल तर आपत्तीग्रस्त गावात पुनर्गठन करून हप्ते पाडून मिळू शकतात. अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची, आणि पुनर्गठनानंतर व्याज किती पडणार ते सहीच्या आधी विचारायचं.

कागदपत्रांतलं एक काम पूर्ण तुमच्याकडे घ्या. सातबारा, आठ-अ ऑनलाइन काढणं, शेतकरी ओळख क्रमांक झालाय का बघणं, पीएम-किसान आणि नमो शेतकरीचे हप्ते कुठे अडले ते पाहणं, हे विक्रोळीतूनही होतं. ई-पीक पाहणी मात्र बांधावर उभं राहूनच करावी लागते, आणि मदतीच्या यादीत नाव येऊनही ई-केवायसी राहिली म्हणून पैसे अडकतात, त्याला अंगठा दादाचाच लागतो. पीक विम्याचे नियम हंगामागणिक बदलतात. गेल्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका, कृषी सहाय्यकाला यंदाचं विचारा. "सगळं मी बघतो" असं मात्र म्हणू नका. सगळं काढून घेतलं की घरात आपली गरज नाही असं त्याला वाटतं. एक काम घ्या आणि शेवटपर्यंत न्या.

झोपेचं गणित शेतकऱ्याचं वेगळं असतं. "रात्री दहाला झोपा" हा सल्ला रात्रीच्या लाइटवाल्याला हास्यास्पद आहे. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी, त्या आठवड्यात दुपारची झोप ठरवून घ्यायची, पण दीड-दोन तासांवर नाही. संध्याकाळनंतर चहा नाही. जागलीला एकट्याने जायचं नाही. शेजारच्या रानवाल्याबरोबर पाळी लावायची. एकट्याची रात्र आणि दारू या दोन गोष्टी याने एकदम कमी होतात. दिवसा एक काम ठरलेलं हवं, जमेल एवढं लहान: एका वाफ्याला पाणी, गोठ्याची झाडलोट. मन लागल्यावर काम करू, असं म्हणून चालत नाही. या आजारात आधी हात चालू करावे लागतात, मन मागून येतं.

वहिनींना दर वेळी "दादाला सांभाळा" म्हणू नका. तुम्ही कशा आहात, जेवता का, झोपता का, हे त्यांनाही विचारा. गावातल्या आशाताईंना घरी येऊन जायला सांगा. विदर्भात 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला, त्यात गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी घरोघरी जाऊन हेच केलं, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. मदत उंबऱ्याशी आली की माणसं घेतात.

म्हणूनच मुंबईला मी सहसा नाही म्हणतो. तुमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सकाळी साडेसातला सगळे निघून गेले की तो एकटा टीव्हीसमोर बसणार. ज्याने उभ्या आयुष्यात रिकामा दिवस काढला नाही, त्याला तोच सगळ्यात जड जातो. त्यात पाहुणा म्हणून खातोय हा ओशाळेपणा, आणि गावात "शेती सोडून गेला" ही चर्चा. परत गेल्यावर कागद तिथेच, व्याज वाढलेलं.

आणायचं ते कारण असेल तर: जिल्ह्याला डॉक्टरची सोय लागत नाही, औषधांना महिन्या-दीड महिन्याने काहीच गुण नाही, किंवा घरात त्याच्याजवळ थांबायला कुणीच नाही. जिवाचा धोका असेल तर मात्र रात्रीचा प्रवास करून मुंबई गाठायची नाही, आधी जवळचं रुग्णालय. एरवी पेरणी-काढणी सोडून, दोन आठवड्यांसाठी, आणि घरी कुणीतरी रजा घेऊन. केईएम, नायर, सायन या तिन्ही ठिकाणी मनोविकार विभाग आहे; केसपेपरसाठी सकाळी लवकर जा, गावाकडच्या तपासण्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा बरोबर ठेवा. परतीचं तिकीट आधीच काढा, तारीख दादाला माहीत असू द्या. निघताना डॉक्टरकडून औषधांची मूळ नावं लिहून घ्या, कारण इथला ब्रँड तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळेलच असं नाही, आणि तेवढ्यावरून गोळ्या तुटतात.